पहारा कुठे, धोका कुठे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत. परदेशातल्या एका शाळेत गोळीबार झाला, मागोमाग एका गजबजलेल्या बाजारात एका माणसाने समोर येईल त्याच्यावर चाकू चालवला, आणि दोन्हींचे व्हिडिओ घराघरांतल्या फोनवर पोहोचले. माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या सुरक्षा तपासणीत गेली. दारं, कुलपं, जिने आणि ती वापरणारी माणसं यांच्याबद्दल मला जे कळतं, त्याच्या आधारानेच उत्तरं देते आहे.

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेतल्या गोळीबाराची बातमी आल्यापासून तिला गेटच्या आत सोडताना पोटात गोळा येतो. आम्ही पालकांनी मिळून शाळेकडे मेटल डिटेक्टरची कमान, प्रत्येक वर्गात सीसीटीव्ही आणि गेटवर बंदूकधारी रक्षक मागितला आहे. शाळा तयार आहे, खर्च पालक करणार. एवढं झालं की मुलं सुरक्षित होतील ना? – एक आई

लेकराला शाळेत सोडून मागे वळणाऱ्या आईला असली बातमी वाचून काहीच वाटलं नाही तरच नवल. पण वर्गणी गोळा करण्याआधी थोडं थांबा. तुम्ही मागताय तशा गोष्टी आधी कुठे ना कुठे बसवून झाल्या आहेत आणि त्यांचं काय झालं याच्या नोंदी आहेत.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेच्या पुढच्या दाराला कॅमेरा होता. आतून बटण दाबल्याशिवाय ते दार उघडत नसे. १४ डिसेंबर २०१२ रोजी आलेल्या हल्लेखोराने दार उघडायची वाटच पाहिली नाही. दाराशेजारच्या काचेवर गोळ्या झाडल्या आणि फुटलेल्या काचेतून तो आत शिरला. २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. अमेरिकेतल्याच कोलंबाइनच्या शाळेत १९९९ मध्ये हल्ला झाला तेव्हा तिथे बंदूकधारी पोलीस अधिकारी नेमलेला होता. त्याने हल्लेखोरावर गोळीबारही केला. तरी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेतली घटना. २४ मे २०२२. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ अधिकारी पोहोचले होते आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. तेवढा वेळ आतली मुलं मदतीसाठी फोन करत होती. पुढे टेक्सासच्या विधिमंडळाच्या समितीने चौकशी केली. त्या अहवालात एक साधी नोंद आहे, ती माझ्यासारख्या बाईच्या काळजात रुतून बसते. हल्ला झालेल्या १११ क्रमांकाच्या वर्गाचं कुलूप धड लागत नाही, हे शाळेत अनेकांना ठाऊक होतं. ते दुरुस्त करा असं रीतसर कळवलेलं मात्र नव्हतं. धोक्याचा इशारा देणारं ॲपही शाळेकडे होतं. वायफाय नीट मिळत नसल्यामुळे तो इशारा सगळ्या शिक्षकांपर्यंत वेळेवर गेला नाही.

म्हणून तुम्हाला सुचवते, पुढच्या पालकसभेत कमानीच्या किमतीवर बोलण्याआधी शाळेच्या एका माणसाला बरोबर घ्या आणि सगळे वर्ग हिंडून या. प्रत्येक दार आतून ओढून, लावून बघा. कडी एका हाताने बसते का? घाबरलेल्या शिक्षिकेला किल्ली शोधायला बाहेर यावं लागतं का? आणि तेच दार आतून झटकन उघडतंही का? कारण आग लागली तर मुलांना बाहेर पडायचं असतं. घोषणा शेवटच्या वर्गात, मैदानावर, स्वच्छतागृहात ऐकू येते का? ऑफिसातल्या कुणालाही विचारा, आत्ता काही घडलं तर पहिला फोन कोण करणार. दोघांनी दोन नावं सांगितली तर काम तिथून सुरू करा.

कमानीबद्दल थोडं सांगते. सकाळी शाळा भरताना सगळी मुलं जेमतेम पंधरा मिनिटांत आत जातात. एका कमानीतून दप्तरं तपासत सोडायची म्हटलं तर गेटबाहेर रांग लागेल, आणि ज्या मुलांना जपायचं तीच मुलं रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी राहतील. मग आठवड्याभरात रक्षक कंटाळेल, कमान वाजत राहील, आणि तो हाताने 'जा, जा' करेल. अशा वाजणाऱ्या कमानी मी खूप पाहिल्या आहेत. सीसीटीव्हीचंही तसंच. नियंत्रणकक्षात एक माणूस आणि समोर पडदाभर चौकटी. त्यातली एक अंधारी, एका चौकटीत झाडाची फांदी, एकीवरची तारीख भलत्याच वर्षाची. घटना झाल्यावर शोध घ्यायला कॅमेरा फार उपयोगी पडतो. घटना थांबवायला, पडद्याकडे बघणारं आणि पाहिल्यावर काय करायचं हे माहीत असलेलं माणूस लागतं.

एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडलेली आहे, आणि ती विकत मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने आणि तिथल्या शिक्षण खात्याने शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय आहे हे आधीच कुणाला ना कुणाला कळलेलं होतं, आणि ते कळलेलं माणूस बहुतेक वेळा त्याच्याच वयाचं होतं. शाळेत मुलांचं ऐकून घेणारी समुपदेशक आहे का? असली तर आठवड्यातून किती तास असते? मुलगी तिच्याकडे न लाजता जाऊ शकते का? वर्गणीचे पैसे त्या कामाला लागले तर मला आनंद होईल.

बाजारातल्या त्या चाकूहल्ल्यानंतर मी गर्दीत जाणंच सोडलं आहे. बसमध्ये दाराकडे तोंड करून बसतो. रात्री झोप लागत नाही म्हणून त्याच घटनेचे व्हिडिओ बघतो. वाटतं, सगळं माहीत असलं तर आपण सावध राहू. बायको म्हणते, तुम्ही फार भित्रे झालात. मी खरंच भित्रा आहे का? – एक लेखापाल, वय ४४

नाही. हे उत्तर वहिनींनाही वाचायला द्या.

डॅनियल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणूस धोक्याचा अंदाज कसा बांधतो, निर्णय कसे घेतो, यावरच्या कामासाठी त्यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इस्रायलमध्ये बसगाड्यांत बाँबस्फोट होत होते, त्या काळात ते तिथे गेले होते. सिग्नलला बसच्या शेजारी गाडी उभी करणं त्यांना नको वाटायचं आणि दिवा हिरवा झाला की ते नेहमीपेक्षा वेगाने पुढे निघायचे. आपण ज्या बसशेजारी उभे आहोत नेमकी तीच उडण्याची शक्यता किती क्षुल्लक आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरी पाय ॲक्सिलेटरवर दाबला जायचाच. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांनी आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की जे उदाहरण मनात पटकन उभं राहतं, ते वारंवार घडत असावं असं आपण धरून चालतो. चाकू उगारलेला माणूस तुमच्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहतो. ज्या हजारो बाजारांत त्या दिवशी काहीच झालं नाही, त्यांचं कुठलंही चित्र तुमच्यापाशी नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातल्या व्हिडिओंच्या वाक्यापाशी मी थांबले. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत लोकांवर किती ताण आला हे संशोधकांनी तपासलं. जी माणसं पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्या स्फोटांच्या बातम्या आणि चित्रफिती बघत राहिली होती, त्यांनी सांगितलेला ताण स्फोटाच्या ठिकाणी प्रत्यक्ष हजर असलेल्यांपेक्षाही जास्त भरला. व्हिडिओ बघून सावधपणा येत नाही. शरीर तो हल्ला पुन्हा पुन्हा सोसतं आणि रात्रीची झोप जाते. आज रात्रीपासून ते बंद करा. बातमी हवीच असेल तर सकाळी एकदा वाचा. वाचा म्हणते आहे, बघा म्हणत नाही.

भीतीने मार्ग बदलला की धोका कमी होतोच असंही नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमान सोडून गाडीने लांबचे प्रवास सुरू केले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी पुढच्या १२ महिन्यांच्या रस्ते-अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अंदाज असा की त्या वर्षभरात नेहमीपेक्षा सुमारे १५०० जास्त माणसं रस्त्यांवर मेली. हल्ल्यातल्या चारही विमानांत मिळून जेवढी माणसं गेली त्याच्या हे कितीतरी पट आहे. या माणसांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. त्यांना वाटत होतं की आपण धोका टाळतो आहोत.

बसमध्ये दाराकडे तोंड करून बसायला माझी काही हरकत नाही. कुठल्याही बंदिस्त जागेत गेल्यावर बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवणं ही सवय मी प्रशिक्षणात सगळ्यांना लावायचे. तेवढं बघितलं की त्या जागेचा विचार सोडून आपल्या कामाला लागायचं. बाजारात आधी वहिनींबरोबर जा, कमी गर्दीच्या वेळी, थोड्या वेळासाठी, आणि छाती धडधडली तरी लगेच पळू नका, ती उतरेपर्यंत थांबा. एवढं करूनही महिना-दीड महिन्यात झोप परतली नाही किंवा कामावर जाणंच नकोसं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अशा त्रासावर चांगले उपचार आहेत.

आमच्या कार्यालयात एक विक्रेता येऊन गेला. हातात धरायचं यंत्र आहे, पुढे अँटेना, ती आपोआप स्फोटकांच्या दिशेला वळते म्हणाला. बॅटरीसुद्धा लागत नाही. साहेबांना फार आवडलं. घ्यावं का? – प्रशासन विभागातला एक कर्मचारी

घेऊ नका. हे उत्तर साहेबांना दाखवायचं धाडस तुम्ही करालच अशी मी आशा करते, कारण अशा यंत्रापायी शेकडो माणसांचे जीव गेलेले आहेत.

ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिक याने 'एडीई ६५१' नावाचं असंच यंत्र इराक सरकारला हजारोंच्या संख्येने विकलं. प्लास्टिकची मूठ आणि तिला सैल बिजागरीवर बसवलेली अँटेना. आत विजेवर चालणारं काहीही नाही. वापरणाऱ्याने जागच्या जागी पावलं टाकायची म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने यंत्र भारलं जातं, असं सांगत. ज्या वस्तूचा शोध घ्यायचा तिचं कार्ड आत सरकवायचं. ते कार्ड उघडून तपासलं तेव्हा दुकानात चोरी होऊ नये म्हणून मालाला लावतात तसली चकती निघाली. मूळ वस्तू होती वीसेक डॉलरला मिळणारं, गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं एक खेळणं. मनगट नकळत जरा कललं की अँटेना कलते, आणि धरणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं की तिने काहीतरी ओळखलं.

बगदादच्या नाक्यांवर शिपाई हे हातात घेऊन गाड्यांच्या बाजूने चालत राहिले आणि स्फोटकांनी भरलेली वाहनं त्यांच्या समोरून शहरात गेली. ब्रिटनने जानेवारी २०१० मध्ये इराकला होणारी त्याची निर्यात थांबवली. मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तरी नाक्यांवरून ती यंत्रं गेली नाहीत! ३ जुलै २०१६ रोजी कर्रादा भागातल्या स्फोटात तीनशेहून जास्त माणसं मेली, तेव्हा कुठे पंतप्रधान अबादी यांनी ती काढून घ्यायचा हुकूम दिला. त्याआधी अमेरिकेत 'क्वाड्रो ट्रॅकर' नावाची असलीच पेटी अमली पदार्थ शोधायला शाळांना विकली जात होती. १९९६ मध्ये न्यायालयाने ती विक्री बंद पाडली.

विक्रेता पुन्हा आला तर एकच चाचणी मागा. एकसारखी दहा खोकी घ्या, एकात ती वस्तू ठेवा, आणि कुठल्या खोक्यात ठेवली हे यंत्र धरणाऱ्यालाही माहीत नको आणि खोलीत हजर असलेल्या कुणालाही नको. जागा बदलून पुन्हा पुन्हा करा. खरं यंत्र या चाचणीला घाबरत नाही. आमच्या कामात कुठलंही उपकरण लिहून ठेवलेल्या चाचणीशिवाय घ्यायची पद्धत नव्हती, मग तो साधा धूरसूचक का असेना.

दुसऱ्या शहरात घरकामाला ठेवलेल्या माणसाने केलेल्या खुनाची बातमी आल्यापासून आमच्या इमारतीत बंदोबस्त वाढवला आहे. मागच्या जिन्याचं दार कुलूप लावून बंद केलं, कामाला येणाऱ्यांची झडती सुरू केली, आणि एकट्या तरुणांना व 'बाहेरच्यांना' घर भाड्याने द्यायचं नाही असा ठराव येतो आहे. सचिव म्हणून माझ्या मनाला हे पटत नाही, पण बहुतेक सभासद ठाम आहेत. काय करू? – सचिव

आधी मागच्या जिन्याचं कुलूप काढा. हे उत्तर वाचून होताच काढा.

एका कारखान्यात तपासणीला गेले होते. तेव्हाही कुठेतरी मोठा हल्ला झाला होता, म्हणून 'कडक बंदोबस्त' चालू होता. आणीबाणीच्या दारावर पळणाऱ्या माणसाच्या चित्राचा हिरवा दिवा जळत होता आणि खाली दाराच्या दांड्याला साखळी गुंडाळून मुठीएवढं कुलूप घातलेलं होतं. किल्ली कुठे म्हणून विचारलं. पर्यवेक्षक म्हणाले, रक्षकाकडे. रक्षक म्हणाला, रात्रपाळीवाल्याकडे. रात्रपाळीवाला घरी जाऊन झोपला होता. किल्ली येईपर्यंत मी त्या दारापासून हलले नाही, आणि कामगार आपापल्या यंत्रांवरून मान वळवून बघत होते. त्यांतल्या कुणालाच तोवर ते कुलूप खटकलेलं नव्हतं, कारण ते त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे असं त्यांना सांगितलेलं होतं. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली आग लागली तेव्हा जिन्याचं एक दार असंच बंद होतं, मालाची चोरी होऊ नये म्हणून. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. इमारतीला आग लागण्याची शक्यता बाहेरून खुनी येण्यापेक्षा केव्हाही जास्त. आतून ढकलताच उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार मिळतं, ते बसवा.

आता ठरावाबद्दल. याला साप समजून भुई धोपटणं म्हणतात, आणि इथे भुईच्या जागी जिवंत माणसं आहेत. ११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख माणसाला त्याच्याच पेट्रोलपंपाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. त्याने पगडी बांधलेली होती, एवढाच त्याचा गुन्हा. लंडनमध्ये जुलै २००५ च्या स्फोटांनंतर पोलिसांनी स्टॉकवेल स्थानकात एका २७ वर्षांच्या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला हल्लेखोर समजून ठार केलं. त्याचा कशाशीही संबंध नव्हता. तुमच्या इमारतीत कुणी बंदूक काढणार नाही हे मला कळतं. पण रोज सकाळी ज्या बाईची पिशवी गेटवर सगळ्यांसमोर उलटी केली जाते, ती उद्या एखाद्या दाराआडून ओरडणं ऐकू आलं तर तुम्हाला येऊन सांगेल का?

हे मुद्दाम विचारते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभर सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्यांतल्या ५१,१०० जणींना, म्हणजे शंभरातल्या साठ जणींना, नवऱ्याने, जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणी मारलं. गेटवर नोंदवही ठेवून हा धोका दिसत नाही, कारण तो किल्ली असलेल्या माणसाबरोबर राहतो. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर कोण दार वाजवणार, पोलिसांना कोण कळवणार, त्या बाईला रात्रीपुरता आसरा कोण देणार, हा विषय सभेपुढे ठेवा. आलेल्या माणसाची नोंद करणं, ज्याच्याकडे आला त्याला विचारून आत सोडणं हे ठीकच आहे. ते सगळ्यांना सारखं लावा, सभासदांच्या पाहुण्यांनाही. तुमच्या मनाला पटत नाही तर सभेत तसं बोला आणि तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. पहिला कुणीतरी बोलला की गप्प बसलेले दोघे-तिघे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

विमानतळावर पाण्याची बाटली काढून घेतात, बूट काढायला लावतात. याने काही होतं का? – एक प्रवासी

काही गोष्टींनी होतं, काहींनी फार थोडं. बूट काढणं डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटातून स्फोटकं नेल्यानंतर आलं आणि बाटल्यांवरची बंधनं ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमधला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर. म्हणजे दर वेळी नियम आला तो आधीच्या हल्ल्याला किंवा कटाला उत्तर म्हणून. बुटाचा सक्तीचा नियम अमेरिकेने २०२५ मध्ये मागे घेतला. तिथल्याच तपासनीसांनी वेश बदलून केलेल्या ७० चाचण्यांपैकी ६७ वेळा बंदी असलेली वस्तू आत गेली, हे २०१५ मध्ये बाहेर आलं होतं. आणि मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडे, रांगा लागतात तिथेच.

खरा उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. वैमानिककक्षाची दारं मजबूत झाली, आणि प्रवासी गप्प बसेनासे झाले. बुटात स्फोटकं नेणाऱ्याला सहप्रवाशांनी आणि हवाईसुंदऱ्यांनीच आवरलं. पण मजबूत दाराचीही दुसरी बाजू आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमानकंपनीच्या सहवैमानिकाने मुख्य वैमानिक बाहेर गेलेला असताना आतून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्स पर्वतावर आदळवलं. १५० जण गेले. मुख्य वैमानिक बाहेरून ते दार फोडायचा प्रयत्न करत होता.

दिसणारा प्रत्येक उपाय पोकळ असतो असं मात्र समजू नका. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून ठेवलं आणि सात माणसं मेली. तेव्हापासून औषधांच्या बाटल्यांना सील आलं. बाटली कुणी उघडली असेल तर ते सील तसं दाखवून देतं आणि ते कुणालाही, कधीही तपासता येतं. असा उपाय मला मनापासून आवडतो.

आमच्या वर्गातला एक मुलगा ग्रुपवर लिहितो की एक दिवस सगळ्यांना दाखवतो, आणि चाकूचे फोटो टाकतो. सगळे हसतात. मला भीती वाटते, पण सांगितलं तर मी चहाडखोर ठरेन. – वय १६

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो, आणि तू सांगितलंसही. तुझा प्रश्न तुझ्या परवानगीने आणि ओळख पुसून छापते आहे, कारण तुझ्या वयाची इतर मुलंही हे पान वाचतात.

असं काही दिसलं तर ते पुढे पाठवू नका आणि त्या मुलाला जाब विचारायला जाऊ नका. काय लिहिलं, कधी लिहिलं याचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी मोठ्या माणसाला दाखवा. पहिल्याने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडे जा, आई-बाबा, वर्गशिक्षक, समुपदेशक, कुणीही. हल्ला आजच होणार असं वाटलं तर सरळ पोलिसांना फोन करा. यात त्या मुलाचं वाईट करणं नाही. वर ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यातल्या ७८ टक्के हल्लेखोरांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा जीव द्यायचे विचार त्यांच्या मनात येत होते. त्या मुलालाही कुणीतरी वेळेवर गाठायला हवं आहे.

आणि शिक्षकांना, पालकांना सांगते. मूल असं काही घेऊन आलं तर त्याचं नाव वर्गात घेऊ नका, ज्याने धमकी दिली त्या मुलाच्या घरीही ते नाव सांगू नका. चार दिवसांनी, ज्याने येऊन सांगितलं त्या मुलाला किंवा मुलीला बाजूला बोलवा आणि पुढे काय केलं ते सांगता येईल तेवढं सांगा. ते कळलं नाही तर ते मूल पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.